२०६५ सालचा बडग्या कोणाचा असेल? विज्ञानकथेतलं उद्याचं जग उभं करताना

माझ्या पहिल्या विज्ञानकथेत मी नागपूरच्या सीताबर्डीवरून उडत्या गाड्या नेल्या होत्या. साल २०९०, मे महिना, दुपारचे दोन. नायक झिरो माइलपाशी उतरतो, खिशातून काचेची चकती काढतो आणि चकतीतून नायिका बोलू लागते. माझ्या आत्याने ती पंधरा पानं एका बैठकीत वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "काहून रे, मे महिना लिहिला ना तू? मग यात कोणालेच घाम काहून येत नाही?"

कथा तिथेच मेली. आता नव्याने लिहिणारी पोरंपोरी मला कथा वाचायला देतात, तेव्हा दहातल्या सात-आठ कथांत हाच रोग दिसतो. यंत्र झकास असतं, पण त्याचं बिल कोण भरतो, ते बिघडलं तर कोण दुरुस्त करतो, शेजारच्याकडे आहे आणि आपल्याकडे नाही म्हणून कोण जळतो, याचा पत्ता नसतो. खाली लिहिलेली रीत माझी आहे, चुका करत बसवलेली. एक वही, एक पेन आणि एक मोकळा रविवार लागेल.

आधी एकच 'जर' ठरवा

वहीच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहा. "जर अमुक झालं तर..." एवढंच. दुसरं 'जर' सुचलं तर ते दुसऱ्या कथेसाठी ठेवा. परग्रहावरचे पाहुणे, अमर माणसं आणि मनातलं वाचणारं यंत्र, सगळं एकाच कथेत कोंबलं की वाचकाला कशाचंच नवल वाटत नाही. शिवाय सगळंच बदललेलं असेल तर काय बदललं हे कळायला जागाच उरत नाही.

हे 'जर' यंत्राचंच हवं असं नाही. कायदा बदलेल, हवा बदलेल, एखादं पीक जाईल. विदर्भातल्या लेखकाच्या दारात तर असे 'जर' ढिगाने पडलेत. संत्र्याची झाडं वाळली तर? पेंच धरणाचं पाणी पुरेनासं झालं तर? मी पुढे जे उदाहरण घेणार आहे ते आत्याच्या घामातूनच आलंय: नागपूरचा उन्हाळा कोरडा राहिला नाही तर?

जितकं पुढे जायचं, तितकं मागे जाऊन या

कथा २०६५ ची असेल तर आधी १९८५ पर्यंत मागे जा. घरातल्या थोरल्यांना विचारा तेव्हा काय होतं, काय गेलं आणि काय जाता जात नाही. हे तिसरं उत्तर सगळ्यात कामाचं.

टंकलेखनाचंच घ्या. तेव्हा मोहल्ल्या-मोहल्ल्यात टायपिंग क्लास होते आणि खिडकीतून खटखट ऐकू यायची. ती यंत्रं भंगारात गेली. पण कारकुनाच्या भरतीत मराठी टंकलेखनाची मिनिटाला ३० शब्दांची अट राहिली. परीक्षा आता संगणकावर होते, इतकंच. म्हणजे यंत्र मेलं आणि त्याचं सर्टिफिकेट जगलं. उद्याच्या जगात आज महत्त्वाचं वाटणारं कोणतं यंत्र नसेल, पण त्याचा दाखला मागणारी खिडकी असेल?

तसाच तान्हा पोळा. ज्या पोराने खऱ्या बैलाची वेसण कधी हातात धरली नाही, तेही लाकडी बैल सजवून घरोघरी बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतं. बैलाची जागा ट्रॅक्टरने घेतली, बैलाचा सण मात्र चाकांवर उभा आहे. अवजार संपलं तरी सण टिकतो, हे लक्षात ठेवलंत तर तुमचं भविष्य प्लास्टिकच्या डब्यासारखं सपाट होणार नाही.

आणि गांधीसागर तलावाजवळची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ ला सुरू केलेली. कोरड्या हवेत कापसाचा धागा तुटतो म्हणून तिथे हवा दमट ठेवणारी यंत्रं बसवली होती. आज त्या जागेवर मॉल आहे. आजोबा जिथे घामाघूम होऊन साच्यावर उभे राहिले, तिथे नातू गारव्यात सरकत्या जिन्याने वर जातो. जागा तीच राहते, वापर बदलतो. म्हणून नवीन शहर कल्पनेने बांधण्याआधी जुन्या इमारतींना नवी कामं द्या. स्वस्तही पडतं आणि खरंही वाटतं.

आता साखळी ओढा

हा सगळ्यात मोठा टप्पा, घाई करू नका. 'जर' घ्या आणि "मग काय?" विचारत जा. पहिली एक-दोन उत्तरं कोणालाही सुचतात. तिसऱ्या-चौथ्या उत्तरापासून तुमची कथा सुरू होते.

माझा 'जर' हवेतल्या ओलाव्याचा. नागपूरचा उन्हाळा आपण निभावतो तो कूलरच्या जिवावर. कूलरमध्ये जादू काही नाही: पाणी वाळताना उष्णता ओढून घेतं आणि हवा गार होते. पण हवेत आधीच ओलावा असेल तर पाणी वाळत नाही. कूलरची मर्यादा ठरवणारा एक आकडा आहे, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या थर्मामीटरवर दिसणारं तापमान. कूलर हवेला त्याच्या खाली नेऊच शकत नाही. घरचा कूलर त्याच्या तीन-चार अंश वरच थांबतो.

आकडे मांडू. बाहेर ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता, म्हणजे आपला नेहमीचा मे. ओल्या फडक्याचा आकडा येतो २४ च्या आसपास. कूलरसमोर २७-२८ ची झुळूक मिळते, माणूस दुपारी झोपतो. आता तापमान तीन अंश उतरवा, ४२ करा, पण आर्द्रता ४० टक्के करा. ओल्या फडक्याचा आकडा ३० वर जातो आणि कूलर ३३-३४ ची दमट वाफ अंगावर फेकतो. बातमीत "पारा घसरला" येणार आणि घरात जीव घुसमटणार. हा उलटा मामला मला सापडला त्या दिवशी मी वही मिटून चहा प्यायला गेलो, कारण कथा मिळाली होती.

इथे एक सावधगिरी. ओल्या फडक्याचा आकडा ३५ च्या वर गेला की सावलीत, पंख्याखाली, पाणी पीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांत दगावू शकतो असं बरीच वर्षं मानलं जायचं. अलीकडच्या प्रयोगांत तरुण, निरोगी माणसांची मर्यादाही त्याच्या बरीच खाली निघाली. म्हणून मी माझ्या कथेत शहराला ३५ वर नेलं नाही, ३० वर अडकवून ठेवलं. सगळे मेले तर कथा संपते. काही जण निभावतात आणि काहींना जमत नाही, तिथे ती सुरू होते.

पुढे ओढा. कूलर निकामी म्हणजे एसी आला. घरचा कूलर साधारण २०० वॅट खातो, दीड टनाचा एसी दीड हजारांच्या आसपास. चाळीस घरांच्या लेआऊटमध्ये चाळीस कूलर ८ किलोवॅट ओढत होते, तिथे चाळीस एसी ६० ओढणार. मग काय? डीपी, म्हणजे गल्लीतला ट्रान्सफॉर्मर, उडणार. मग काय? पाळ्या लागणार: सम नंबरची घरं दुपारी, विषम रात्री. मग काय? सम नंबरच्या घराचं भाडं वाढणार. "पूर्वमुखी" नंतर जाहिरातीत "सम क्रमांक" येणार आणि घरजावई व्हायला निघालेला मुलगा आधी दारावरचा आकडा पाहणार. या ठिकाणी मला पहिल्यांदा हसू आलं. आपण योग्य वाटेवर असल्याची माझ्यासाठी हीच खूण.

उलटी बाजूही पाहा: एसी घर गार करतो म्हणजे घरातली उष्णता गल्लीत ओततो. ज्याच्याकडे एसी नाही तो शेजाऱ्याचीही उष्णता भोगतो. एका भिंतीची दोन घरं आणि भांडणाला एवढं कारण पुरे.

साखळी ओढताना शहराच्या नळ्या कुठून कुठे जातात हे माहीत असावं. आपल्या सांडपाण्यावर भांडेवाडीत प्रक्रिया होते आणि ते पाणी कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांना जातं. म्हणजे तुमच्या मोरीतून गेलेलं पाणी फिरून तुमचा एसी चालवायच्या कामी येतं! एखाद्या लेखकाने हे कल्पनेतून लिहिलं असतं तर आपण त्याला दाद दिली असती. इथे ते रोज घडतंय आणि आपल्या कथांत त्याचा मागमूस नाही. पाणी, वीज, कचरा आणि धान्य या चार गोष्टी तुमच्या जगात कुठून येतात आणि कुठे जातात, हे एका पानावर रेघा मारून काढा. कथेत त्यातली एखादीच रेघ दिसेल. बाकीच्या तुम्हाला चुकू देणार नाहीत.

तीन घरांत फिरवून आणा

एकच बदल तीन घरांत नेऊन पाहा. मी धरमपेठेतलं एक घर घेतो, वाठोड्याकडच्या एखाद्या नव्या लेआऊटमधलं एक आणि एक झोपडपट्टीतलं. पहिल्या घरात दमट दुपार म्हणजे वाढलेलं बिल, दुसऱ्यात विजेच्या पाळीवरून भांडण, तिसऱ्यात बुडालेली मजुरी.

इथेच आपले लेखक एक गोष्ट सोडून देतात. भविष्यात जात नसेल असं गृहीत धरून लिहिलेल्या कथा मी पुष्कळ वाचल्या. त्यात पात्रांना आडनावंच नसतात. नागपुरात राहून, १४ ऑक्टोबर १९५६ ची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे तिथे बसून असं लिहिणं मला आळस वाटतो. जात गेली असेल तर ती कशी गेली, ते दाखवा. गेली नसेल तर नवं कोणतं कापड पांघरून बसलीय? कर्ज देणारं यंत्र आडनाव विचारणार नाही, पत्त्याचा पिनकोड विचारेल, आणि पिनकोडवरून त्याला हवं ते कळेल. अशोक विजयादशमीला लाखो लोक तेव्हाही येतील. ते कशाने येतील, कुठे थांबतील, कोण त्यांना पाणी देईल, यावर कोणीतरी एक अख्खी कथा लिहायला हवी.

बडग्या बांधा

समाज कल्पनेत कसा बसवायचा हे मला मारबतीने शिकवलं. बाहेरच्या वाचकासाठी थोडक्यात: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महाल भागातून काळी आणि पिवळी मारबत या दोन मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. काळी १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून असं सांगतात. त्यांच्यासोबत निघतात बडगे, त्या वर्षीच्या रागाचे पुतळे. महागाईचा, भ्रष्टाचाराचा, पुढाऱ्याचा, रोगराईचा. मिरवणूक काढायची, "घेऊन जा गे मारबत" म्हणायचं आणि जाळून टाकायचं.

आता बसा आणि तुमच्या कथेतल्या वर्षाचे पाच बडगे लिहा. प्रत्येकाच्या गळ्यातल्या पाटीवर काय लिहिलं असेल तेही. लोक कशावर चिडलेत हे ठरलं की कोणाकडे सत्ता आहे, कशाची टंचाई आहे आणि कोणतं आश्वासन मोडलं गेलंय, हे मागोमाग येतं. माझ्या २०६५ च्या यादीतले दोन सांगतो. एक, सम-विषम नंबर वाटणाऱ्या विजेच्या यंत्राचा बडग्या, पोटावर "०" लिहिलेला, कारण शून्य सम की विषम यावरून म्हणे कोर्टात खटला चालू आहे. दुसरा, दमट दिवस जाहीर करायला उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याचा, कानात सायरन खुपसलेला.

पाचही बडगे एकाच गोष्टीवर चिडलेले निघाले तर तुमचं जग अजून पातळ आहे. लोक एका वेळी अनेक गोष्टींवर चिडलेले असतात, आणि त्यातल्या दोन-तीन तुमच्या यंत्राशी काही घेणंदेणं नसलेल्या हव्यात. २०६५ मध्येही खड्ड्यांचा बडग्या असणार यावर मी पैज लावतो.

यंत्राला 'तू' म्हणाल की 'आपण'?

मराठीत लिहिणाऱ्याला हा प्रश्न पहिल्याच संवादात अडवतो. यंत्र 'तो', 'ती' की 'ते'? रोबो आला तर 'तो', गाडी बोलली तर 'ती'. आणि मान द्यायचा की नाही? ही अडचण समजू नका, फुकटात मिळालेलं हत्यार समजा. एका सर्वनामात तुम्ही अख्खं नातं सांगू शकता.

बँकेचं यंत्र ग्राहकाला "आपण" म्हणेल. तेच यंत्र हप्ता थकल्यावर "तुम्ही"वर येईल. घरात स्वयंपाकाला ठेवलेल्या यंत्राला सून "ऐक ना" म्हणेल, सासू "बाई" म्हणेल आणि शेंबडं पोरगं "काय बे". ज्या दिवशी ते पोरगं त्याच यंत्राला "तुम्ही" म्हणतं, त्या दिवशी घरात काहीतरी घडलेलं असतं. काय घडलं ते सांगायच्या आधीच वाचक सावरून बसतो.

नावांचंही तसंच. सरकारी नाव आणि तोंडातलं नाव वेगळं ठेवा. 'महापौर' शब्द सावरकरांनी दिला आणि रुळला. पण 'फटफटी' कोणी समिती बसवून ठरवली नव्हती, गाडीच्या आवाजातून ती आली. 'झेरॉक्स' कंपनीचं नाव होतं, आपण त्याचं काम करून टाकलं. 'मिस कॉल' तर आपण चक्क 'देतो', जो घ्यायचाच नसतो. माझ्या कथेत शासन "आर्द्र-उष्ण सतर्कता दिवस" जाहीर करतं. चौकात त्याला "ओला" म्हणतात. "आज ओला लागला" एवढंच. दोन नावं मिळाली की सरकार आणि चौक यांच्यातलं अंतर आपोआप कळतं.

मग प्रसंग लिहा, माहिती गिळून

एवढं सगळं जमवल्यावर ते वाचकाला सांगायची फार हौस येते. मलाही आली. पहिला खर्डा असा होता:

"२०६५ सालापर्यंत वाढत्या आर्द्रतेमुळे शासनाने सतर्कता कायदा केला होता, ज्यानुसार अशा दिवशी अकरा ते पाच बाहेरचं काम बंद असे. मात्र वस्तू पोहोचवणाऱ्या कंपन्या कामगारांची मजुरी कापत."

बरोबर आहे, आणि मेलेलं आहे. दुसरा खर्डा पानठेल्यावर नेला:

सायरन झाला तसं मामाजींनी ठेल्याचं शटर अर्ध्यावर ओढलं. मागच्या गार खोलीत चौघं आधीच गुडघ्याला गुडघा लावून बसले होते.

"मामाजी, पाच मिनटं बसू द्या ना आत."

"पाच मिनटाचे शंभर. खर्रा घेशील तं ऐंशी."

पोराने मनगट पुढे केलं. दिवा लाल लागला. त्याने पुसून परत लावलं. परत लाल.

"बंद केलं जी कंपनीनं. ओला लागला का हजेरी कटते आमची." हनुवटीवरून घामाचे थेंब काउंटरच्या काचेवर पडत होते, वाळत नव्हते. "तीनच पार्सलं राहिली. पोचवून देतो अन् मंग... मंग ते..." शब्द सापडेना तसा तो मामाजींकडे पाहत राहिला.

मामाजींनी शटर वर केलं. "पैशाचं नंतर पाहू. पहिले आत ये बे."

कायदा, मजुरी, भाव, मनगटातला पैसा, सगळं यात आहे, पण कोणी कोणाला समजावून सांगत नाही. दोघांनाही ते माहीत आहे, मग ते का बोलतील? जिथे एक पात्र दुसऱ्याला "तुला माहीतच आहे की..." म्हणून सुरुवात करतं, ती ओळ खोडा. आणि पोराची जीभ अडखळली ती मी सजावटीला घातली नाही. डोक्याला ऊन चढतं तेव्हा माणूस असाच गोंधळतो. शरीराचं एखादं खरं लक्षण दहा यंत्रांचं काम करतं.

भावाची एक गंमत: पहिल्यांदा मी पाच मिनिटांचे वीस रुपये लिहिले होते. मग आठवलं, चाळीस वर्षांपूर्वी चहा किती पैशांना मिळायचा ते. आकडा वाढवला. रुपया, पगार आणि भाडं यांचा मेळ एका कोपऱ्यात मांडून ठेवा, नाहीतर सहाव्या पानावर तुमचा नायक आजच्या भावात पोहे खातो.

शेवटचं: दाखवायचं कोणाला

विज्ञान चुकलंय का, हे ज्याला विज्ञान येतं त्याला विचारा. नागपुरात पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी आहे, कापूस आणि संत्र्यावर काम करणाऱ्या केंद्रीय संस्था आहेत, महाविद्यालयं आहेत. नेमका, एका वाक्याचा प्रश्न घेऊन गेलात तर बहुतेक जण उत्तर देतात. "माझी कथा तपासून द्या" म्हणालात तर कोणालाही वेळ नसतो. स्पर्धेसाठी पाठवायची असेल तर मराठी विज्ञान परिषदेची विज्ञानकथा स्पर्धा आहेच. जयंत नारळीकरांनी तिथे पहिली कथा पाठवली ती आपली आद्याक्षरं उलटी करून, नारायण विनायक जगताप या नावाने. मोठं नाव पाहून परीक्षक भुलू नयेत म्हणून. आपल्याला ती भीती नाही, स्वतःच्याच नावाने पाठवा.

पण त्याआधी विज्ञानकथा अजिबात न वाचणाऱ्या एका माणसाला द्या. "कशी वाटली?" विचारू नका, सगळे "छान" म्हणतात. हातात पेन्सिल द्या आणि जिथे खोटं वाटेल तिथे फक्त फुली मारायला सांगा. कारण सांगायची गरज नाही, ते शोधणं तुमचं काम.

ओल्याची कथा मी आत्याला दिली. घामावर फुली नव्हती. पानठेल्याच्या प्रसंगात एकच होती, "मागच्या गार खोलीत चौघं" या शब्दांवर. दोन दिवस डोकं खाजवलं, शेवटी विचारलंच.

"चौघंही माणसंच काहून?" ती म्हणाली. "त्या उन्हात बायका कुठी जातात?"

ती खोली मी आता नव्याने लिहितोय.